३०६० टीआय फ्रीझ, अपडेट ४: अखेर जेन ३ वर शांतता

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: माझ्या ३०६० टीआय ग्राफिक्स कार्डावर पीसी मध्येच गोठायचा, स्क्रीन काळी पडायची. आता बायॉसमध्ये (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) कार्डाचा स्लॉट जेन ३ वर लॉक केलाय, म्हणजे पीसीआयई या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या वेगावर; जेन ४ चा वेग याच्या दुप्पट. त्याला आज सहावा दिवस. स्क्रीन एकदाही काळी पडली नाही, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारा भाग) १७ नंबरची एकही नोंद नाही! याच नोंदी आधी एकेका संध्याकाळी शेकड्यांनी यायच्या. 'करेक्टेड', म्हणजे चूक आपोआप सुधारली, असं लिहिलेलं असतं म्हणून मी त्या सोडून देत होतो.

गेल्या वेळेपर्यंत हे सगळं करून झालं होतं: सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल), तीन जुने ड्रायव्हर, टीडीआर डिले (अडकलेल्या कार्डासाठी विंडोज थांबतं तो वेळ) २ सेकंदांवरून १० वर, मित्राचा ७५० वॉटचा पीएसयू (पॉवर सप्लाय). फ्रीझ जसाच्या तसा. डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीने. फरमार्क (कार्डावर कमाल ताण टाकणारी चाचणी) तासभर बिनघोर चालायचं, हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला भाग) ८४ अंशांच्या पुढे जात नसे, आणि ते बंद करून ब्राउझर उघडला की दोन मिनिटांत सगळं गोठायचं.

धागा मिळाला तो तारखेवरून. रिलायबिलिटी मॉनिटर (विंडोजमधली बिघाडांची दिनदर्शिका) मागे नेत गेलो, तर पहिला लाइव्हकर्नलइव्हेंट १४१ (कार्ड अडकल्याची नोंद) सापडला ५६००जी प्रोसेसर काढून ५७००एक्स३डी बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. बायॉसही तेव्हाच अपडेट केलं होतं, त्यामुळे माझा सगळा संशय बायॉसवर. पण ५६००जी पीसीआयई ३.० च्या पुढे जातच नाही, ५७००एक्स३डी ४.० देतो! माझ्या बी५५० मदरबोर्डवर सेटिंग 'ऑटो', म्हणजे स्लॉट गुपचूप जेन ४ वर गेला. आणि मध्ये व्हर्टिकल माउंटची (कार्ड उभं बसवायची) तीच जुनी जेन ३ रायझर, म्हणजे स्लॉट आणि कार्ड जोडणारी केबल. लेनमागे सेकंदाला ८ जीटीसाठी (गिगाट्रान्सफर) बनवलेल्या केबलमधून १६ जीटी.

फरमार्कचं कोडंही इथेच सुटलं. ते कोअर आणि पॉवर पिळून काढतं, बसवरून फारसं काही जातच नाही. उलट डेस्कटॉपवर लिंक सारखी खाली-वर होते: आयडलला पीसीआयई १.१, जरा काम आलं की ४.०. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) उघडं ठेवलं तर आकडा बदलताना दिसतो. रायझर लावली असेल तर फरमार्कवर विसंबू नका. थ्रीडीमार्कची पीसीआय एक्सप्रेस टेस्ट लावा. जेन ४ वर ती दुसऱ्याच फेरीत कोसळली. बायॉसमध्ये जेन ३ लॉक केल्यावर सेकंदाला १३ जीबीच्या आसपास स्थिर. गेममध्ये फ्रेम्सचा फरक मला जाणवलेला नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही केबल घेताना दुकानदाराने 'जेन ४ लापण चालते' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. पाकिटावर तसं कुठेही छापलेलं नाही. माझं मत पक्कं झालंय, रायझर घ्यायची तर जेन छापलेलीच. तशी एक कार्टमध्ये टाकून ठेवली आहे.

पण लिहिता लिहिता लक्षात आलं, कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून जेन ४ वर मी अजून चालवलेलंच नाही. तिथेही १७ नंबर आला, तर दोष स्लॉटचा किंवा कार्डाच्या कॉन्टॅक्टचा, आणि नवी केबल फुकट. ऑर्डर थांबवतो. आज रात्री ब्रॅकेट काढून कार्ड सरळ बसवतो, सेटिंग परत ऑटो, आणि रविवारपर्यंत नोंदी मोजतो.