विंडसॉकला हेड नाही

२०२१ च्या ऑक्टोबरात लोहगाव विमानतळाची धावपट्टी चौदा दिवस बंद होती, तेव्हा अख्ख्या पुण्याला कळलं होतं. ज्या धावपट्टीबद्दल मी लिहितोय, ती वर्षभर बंद ठेवली तरी शेजारच्या गावात शेळ्या राखणारी पोरं सोडून कुणाला फरक पडणार नाही. पुण्याहून पहाटे निघालं तर नाश्त्याच्या वेळेला पोचतो, इतकंच सांगतो. नाव लिहीत नाही.

मी सर्व्हेअर. कर्वेनगरात दोन खोल्यांचं ऑफिस, दोन पोरं हाताखाली. रस्ते, कालवे, प्लॉटच्या मोजण्या यावर घर चालतं. विमानतळाचं काम दोन-तीन वर्षांतून एखादं येतं, आणि पैसे उशिरा मिळतात हे माहीत असूनही मी ते सोडत नाही. त्याला कारण हडपसर. लहानपणी मामाच्या गच्चीवरून तिथल्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडर दिसायची. विंचच्या दोरीनं ओढली की पतंगासारखी वर चढायची, दोरी सुटली की आवाजच नाही. विमानाशी माझी ओळख ही अशी, बिनइंजिनाची. त्या दिवशीही पहाटे साडेचारला हडपसर ओलांडताना सवयीनं मान तिकडे वळलीच.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. धावपट्टीच्या आसपास उंच काय काय उभं आहे ते पावसाळ्याआधी मोजून द्यायचं होतं. हे काम दिसतं सोपं. या धावपट्टीच्या लांबीच्या हिशोबानं टोकापासून ६० मीटरवर एक काल्पनिक उतार सुरू होतो. दर ३० मीटर पुढे गेलं की तो १ मीटर वर जातो. त्याच्या वर काही डोकावता कामा नये. सोलापुरात साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, ती याच भानगडीत. आमच्याकडे चिमणी नव्हती, पूर्वेच्या टोकाला बांधावर सहा निलगिरी होत्या. उतार सुरू होतो तिथून २७० मीटरवर, म्हणजे हिशोबानं ९ मीटरपर्यंत चालतील. मोजल्या तर सगळ्यात उंच १४ भरली. झाडं शेतकऱ्याची, शेत कुंपणाबाहेर. नोटीस गेली होती म्हणे, पण छाटणीचे पैसे कुणी द्यायचे यावर पत्रव्यवहार चालू होता.

धावपट्टीचा राखणदार साठीचा. सगळे त्याला मामा म्हणतात, मीही म्हणालो. कंत्राटदाराचा माणूस, पगार दोन-तीन महिन्यांतून एकदा. शेळ्या हाकलणं, गवत कापणं, गेट उघडणं आणि अग्निशमन, सगळं तोच. अग्निशमन म्हणजे दोन सिलिंडर आणि पाण्याचा ट्रॅक्टर-टँकर. ट्रॅक्टर गावातून बोलवायचा. धावपट्टीच्या कडेला खडीत टिटवीची अंडी होती. मामानं भोवती चुन्याचं रिंगण आखलं होतं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. विमानतळावर पक्षी घालवायचे असतात, जपायचे नसतात, हे मी त्याला सांगणार होतो. सांगितलं नाही.

सात ते दहा आमच्या कामासाठी उड्डाणं बंद असणार होती. तिथल्या प्रशिक्षण संस्थेला फोन गेला होता. वैमानिकांना जाणारी अधिकृत सूचना, ज्याला नोटॅम म्हणतात, ती मात्र निघालीच नव्हती. पत्र कुठल्यातरी टेबलावर सहीला पडून होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

साडेआठच्या सुमारास आवाज आला. दुसऱ्या गावाहून एकट्यानं उडत आलेला एक शिकाऊ. तिथे टॉवर नाही, रेडिओवर वारा सांगणारं कुणी नाही. वैमानिक वरून घिरटी घालतो, विंडसॉक बघतो, म्हणजे खांबावरची वाऱ्यानं फुगणारी, दोन्ही टोकांना उघडी कापडी नळी, आणि तिची शेपटी कुठे वळलीय त्यावरून कुठून उतरायचं ते ठरवतो. मामा ओरडला, आम्ही तिघं मोजणीच्या प्रिझमचा दांडा उचलून कडेच्या गवतात पळालो.

विमान पश्चिमेकडून आलं. मला तेव्हा काही खटकलं नाही. खटकलं ते मामाला. "उलटं आलं की हो ते!" तो म्हणाला. वारा पश्चिमेचा होता, आमच्या टोप्या उडत होत्या. विंडसॉक मात्र शेपटी पश्चिमेला करून बसला होता, म्हणजे वारा पूर्वेचा. त्याचं बेअरिंग गंजून जाम झालं होतं, आणि कापडाच्या उरलेल्या चिंध्या लोखंडी कड्याला गुंडाळल्या होत्या. वरून बघणाऱ्याला तो भरलेला वाटत असणार.

पाठीमागून वारा असला की विमान जमिनीला टेकतच नाही, तरंगत राहतं. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत लिहिलंय, मागच्या वाऱ्याच्या वेगाच्या दर २ नॉटला उतरायला १० टक्के अंतर जास्त धरा. पोरगं अर्ध्या धावपट्टीपर्यंत तरंगत आलं, मग घाबरलं असावं, त्यानं इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि परत वर निघालं. पण मागच्या वाऱ्यात जमीन भराभर सरकते आणि चढ निघत नाही. समोर निलगिरी. माझ्या वहीत ताजा आकडा होता, १४. एरवी मी आकडे ऑफिसात टाईप करतो आणि विसरतो. हा आकडा शेंड्यांच्या जागी उभा होता आणि विमान त्याच्याकडे चाललं होतं. गेलं वरून. किती वरून ते मी मोजू शकलो असतो, यंत्र हातातच होतं. हात चालला नाही.

तोवर मामा गायब. पाहतो तर कापलेल्या वाळक्या गवताचा ढीग होता मोकळ्या मुरमावर, त्याला त्यानं काडी लावलेली. मे महिन्यात, धावपट्टीशेजारी! मी शिव्या द्यायच्या बेतात होतो. पण धूर उठला आणि सरळ पूर्वेकडे झोपला. पोरानं पुन्हा घिरटी घातली, धूर पाहिला, आणि या खेपेला पूर्वेकडून, निलगिरी टाळत जरा उंचावरून आला. व्यवस्थित उतरला.

वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. पाण्याची बाटली धरताना हात थरथरत होता. "सर, सॉक पूर्वेचा वारा दाखवत होता," एवढंच तीनदा म्हणाला. धुराचं कसं सुचलं, असं मी मामाला विचारलं. "आता उफणणीच्या वक्ताला वारं बघूनच उभं ऱ्हावं लागतंय न्हवं? न्हाईतर भुसा तोंडावर."

दुपारी आम्ही खांब आडवा केला. गावातून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडून ग्रीस घेतलं, तासाभरात बेअरिंग मोकळं झालं. एवढंच काम होतं ते. कापडाचं मात्र काही करता येईना.

पुण्यात आल्यावर मी संबंधित कार्यालयात गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी फाईल दाखवली, त्यात मामाचे तीन अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेले. "कापडाला हेड नाही," ते म्हणाले. हेड म्हणजे खर्च ज्या नावाखाली टाकायचा ते खातं. "टर्मिनलच्या नूतनीकरणाला आहे. त्यात घालून टाकू, प्रस्ताव पाठवा." प्रवासी विमान तिथे एकही येत नाही, पण टर्मिनल आहे, त्याच्या काचा दोनदा बदलल्यात.

मी उडान योजनेचं विचारलं, छोट्या गावांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्राची ती. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिच्या पहिल्या फेऱ्या निघाल्या, त्यात नांदेड–हैदराबादही होती. त्यांनी समजावलं ते असं. रिकाम्या खुर्च्यांचा तोटा भरून काढायला जे पैसे मिळतात ते विमान कंपनीला, ८० टक्के केंद्राचे, २० राज्याचे. त्या फेऱ्यांना उतरण्याचं शुल्क माफ. पोलीस आणि अग्निशमन राज्यानं फुकट द्यायचं. म्हणजे उद्या आमच्याकडे फेरी सुरू झाली तरी तिच्या लँडिंगचा एक रुपया धावपट्टीच्या गल्ल्यात पडणार नाही. धावपट्टी नव्यानं बांधायला, लांबवायला पैसे निघतात, कारण त्याला कोनशिला लागते. गवत आणि ग्रीस दर वर्षी लागतं, त्याचं उद्घाटन कसं करणार? हे शेवटचं माझं, साहेब असं काही बोलले नाहीत. पण हसले.

मी सरळ रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे ताडपत्र्या शिवणारा एक ओळखीचा आहे. माप सांगितलं, लांबी ३.६ मीटर, तोंडाचा व्यास ९० सेंटिमीटर, केशरी-पांढरे पाच पट्टे, दोन्ही टोकांना केशरी. त्यानं मान डोलावली, मग विचारलं, "आणि याला बूड नाही का शिवायचं?" काही हजारांत काम झालं. एस्टीच्या ड्रायव्हरच्या हाती पार्सल पाठवलं, दुसऱ्या दिवशी मामाचा फोन, "चढवला सायेब. फिरतोय." निलगिरी अजून तशाच आहेत, माझ्या अहवालात पान चारवर.

पार्सलचे पैसे सोडले, पण कापडाचे बिलात धरले, 'किरकोळ साहित्य' म्हणून. ऑगस्टमध्ये त्यावर हरकत आली. एक, ही वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, घ्यायची की खपाऊ धरायची. दोन, मूळ कामाच्या व्याप्तीत ती आहे काय. तीन, खरेदीपूर्वी तीन दरपत्रकं का मागवली नाहीत.

कागद घेऊन पुन्हा बोहरी आळीत गेलो. त्यानं चष्मा लावून नीट वाचला, खणातून लेटरहेडचं पॅड काढलं आणि म्हणाला, "बाकीची दोन पण मीच देऊ का?"