पोर्तुगीजांच्या आधी कोण होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्हाला पोर्तुगीजांनी बाटवलं ना?" वसईच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न चुकत नाही. आडनाव ऐकलं की येतोच. त्यावर मी म्हणतो की कल्याणला सहाव्या शतकात बिशप होता, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्ही त्यांचे वंशज?" दोन्हींची उत्तरं एकदा नीट देऊन टाकतो.

पहिल्याचं उत्तर, हो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि माझ्या पूर्वजांचा बाप्तिस्मा त्यांच्याच अमलातला. जमिनीसाठी झाला, भीतीपोटी झाला की मनापासून, ते आता कोण सांगणार? यात लपवण्यासारखं काही नाही. पण कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज गलबतातूनच पहिल्यांदा उतरला असं कुणी ठोकून दिलं, की मी गप्प बसत नाही.

अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस सहाव्या शतकाच्या मध्यावर लिहितो की श्रीलंकेत ख्रिस्ती आहेत, मिरी पिकते त्या मले देशात, म्हणजे मलबारात, आहेत, आणि कल्याणमध्ये तर पर्शियातून नेमलेला बिशप असतो. काही अभ्यासक हे कल्याण म्हणजे केरळातलं कोल्लम मानतात. मला ते पटत नाही. बंदरं सांगताना कॉस्मस सिंधपासून सुरू करतो, मग सौराष्ट्र, कल्याण, सिबोर आणि शेवटी मिरीची बंदरं, असा खाली खाली येतो. उल्हास नदीकाठचं कल्याण त्या ओळीत आपोआप बसतं. कोल्लमला तिथे ओढून आणावं लागतं.

बिशपचं नाव मात्र तो देत नाही. या धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखाचं, दुखणंच हे की त्याचा बिशप समुद्रापलीकडून यायचा. हिंदुस्थानच्या बिशपांची दीक्षा पर्शियातल्या फार्स प्रांतात, रेव-अर्दशीर इथल्या आर्चबिशपच्या हाती होती. सातव्या शतकात तिथल्या सिमोनने आपल्याच प्रमुखाला, कॅथोलिकोस इशोयाब तिसऱ्याला, जुमानलं नाही. इशोयाबने त्याला खरमरीत पत्र धाडलं: तुमच्या आडमुठेपणामुळे हिंदुस्थानच्या लोकांना बिशप मिळायची वाट बंद झाली. भांडण तिकडचं, भोगायचं इकडच्यांनी. बिशप नाही तर नव्या फादरला गुरुदीक्षा कोण देणार? फादर नाही तर मिस्सा कोण करणार?

आता ठाणे. एप्रिल १३२१ चं हे प्रकरण चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या, हुतात्म्यांसाठी सांगितलं जातं. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमिट्रियस एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच पर्शियन चर्चच्या, ख्रिस्ती घरी उतरले होते. ठाण्यात अशी पंधरा घरं होती, असं पुढच्याच वर्षांत इथून गेलेला इटालियन साधू ओडोरिक लिहितो. एका संध्याकाळी घरधन्याने बायकोला बेदम मारलं. सकाळी ती काझीकडे गेली. काझीने पुरावा मागितला, तेव्हा ती म्हणाली, घरात फिरंगी साधू होते, त्यांना विचारा. साधूंना बोलावणं गेलं. तिची फिर्याद बाजूला पडली, धर्मावर वाद पेटला आणि शेवटी चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डॅनस बाहेरगावी होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. ओडोरिकने ती हाडं पुढे चीनला नेली.

हुतात्म्यांना मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण मी अडतो त्या बाईपाशी. आमच्याकडे आजही नवरा-बायकोचं बिनसलं की आधी फादरच्या कानावर घालतात. ही काझीकडे गेली. घरात साधू होते, पण पाहुणे, परके. राज्य ज्याचं, न्याय त्याच्याकडे, इतकं सरळही ते असेल. तरी दर वेळी मला वाटतं, की त्या पंधरा घरांना हक्काने जाऊन सांगावं असं आपलं माणूसच उरलं नव्हतं. त्या फिर्यादीचं काय झालं, त्याची एक ओळ नाही. हाडांचा प्रवास मात्र सविस्तर लिहिलेला आहे. याची चीड मला अजून येते.

१३२९ मध्ये पोपने जॉर्डॅनसला बिशप नेमलं, तेही कोल्लमचा. कल्याणच्या नावाने धर्मप्रांत झाला थेट १९८८ मध्ये, सिरो-मलबार पंथाच्या, म्हणजे मुळात केरळहून इकडे आलेल्या लोकांसाठी. आमचा वसईचा १९९८ चा.

राहिला वंशजांचा प्रश्न. कॉलेजात असताना मी छातीठोकपणे 'हो' म्हणायचो. तो पोरगा अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, १३२१ ला घरं होती, १५३४ ला पोर्तुगीज आले, मधल्या दोनशे वर्षांत ती माणसं हवेत विरली का? मी म्हणतो, नाळ जोडणारा एक कागद दाखव. तो म्हणतो, तुटल्याचा तू दाखव. दोघांकडेही नाही. माझा बाप्तिस्मा रोमच्या लॅटिन परंपरेतला, त्यांचा पर्शियन चर्चच्या सिरियाक परंपरेतला. ना प्रार्थना एक, ना भाषा. मग माझं त्यांच्याशी नातं काय? तो म्हणतो, गाव एक, खाडी एक, ख्रिस्त एक. एवढ्याने नातं ठरतं असं मी म्हणणार नाही. ठरत नाही, असंही तोंडातून निघत नाही.

त्यामुळे मी त्यांचा वंशज का, याचं 'हो' किंवा 'नाही' तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही. पण कल्याणचा तो बिनानावाचा बिशप इथे होता, आणि तो मी सोडणार नाही.