दोन डब्यांमधला माणूस

भुसावळ, रविवार, रात्रीचे साडेअकरा

दिवसभर अंगाची काहिली झाली, कूलरही गरमच हवा फेकत होता. जेवणं आटोपल्यावर गच्चीवर गाद्या टाकल्या आणि नानांना पुढची गोष्ट सांगायला बसले. महिना झाला, हे रोज चाललंय. नानांना आता बारीक अक्षर दिसत नाही, इंग्रजी तर त्यांनी कधी वाचलंच नाही. मी मोबाइलच्या उजेडात पान वाचते आणि त्यांना आपल्या बोलीत सांगते.

पुस्तक अमेरिकन लेखक जॉन ग्रिशॅमचं, ‘द रेनमेकर’. माझं चौथ्यांदा. नुकताच वकील झालेला रूडी, आणि त्याच्याकडे आलेली एक गरीब आई. मुलाला रक्ताचा कॅन्सर. विम्याचे हप्ते तिने नेमाने भरलेले. जुळ्या भावाची अस्थिमज्जा तंतोतंत जुळते, उपचार होऊ शकतो, पण कंपनी पैसे नाकारते. एकदा नाही, आठ वेळा. आठव्या पत्रात तर तिलाच मूर्ख म्हणतात, लागोपाठ तीनदा. ते पत्र सांगताना आजही माझा आवाज बदलला. नाना उठून बसले.

ग्रिशॅम मला आवडतो तो इथेच. खून कुणी केला याच्यामागे तो मला पळवत नाही. बाई खरी आहे हे पहिल्या भेटीतच कळतं, तरी चारशे पानं पुस्तक खाली ठेववत नाही. कारण खरं असणं वेगळं आणि ते कागदावर सिद्ध करणं वेगळं. कुठला कागद कुणी दाबला, कुठल्या साक्षीदाराला ऐन वेळी नोकरीवरून काढलं, उलटतपासणीत कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठे गप्प बसायचं, हे सगळं त्याला आतून माहीत आहे. १९८१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्याने मिसिसिपीतल्या साउथहेवन गावात जवळजवळ दहा वर्षं वकिली केली. पहाटे पाचला उठून, कोर्टाच्या आधी, पहिली कादंबरी लिहिली. तीन वर्षं लागली. छापल्या फक्त पाच हजार प्रती. १९९१ मध्ये ‘द फर्म’ आली आणि मग त्याला वकिलीची गरज उरली नाही.

ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारी साधी माणसं, हे नानांना समजावताना मजा आली. ‘हे बारा जण कोण? जज काय करते मग?’ मी म्हटलं, आपल्याकडेही होती की. मुंबईतल्या नानावटी खून खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती. आठांनी त्याला निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं. नानावटी म्हटल्यावर नानांना लगेच आठवलं. त्यांच्या लहानपणी गावात पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणे.

ग्रिशॅमचा कापूसही आमच्या ओळखीचा निघाला. ‘अ पेंटेड हाउस’मध्ये एकही वकील नाही. १९५२ सालचं आर्कान्सा, सात वर्षांचा मुलगा, आणि वेचणीला आलेली डोंगरातली माणसं. आमच्याकडे सातपुड्यातून पावरा कुटुंबं उतरतात तशीच. वेचलेला कापूस तोलताना काट्यावर खिळलेली नजर मी मामाच्या शेतात पाहिलेली आहे.

पण आज मला नानांना दुसरंच सांगायचं होतं. बरेच दिवस मनात होतं, धीर होत नव्हता. १९९६ मध्ये, एवढी पुस्तकं खपल्यावर, ग्रिशॅम पुन्हा कोर्टात उभा राहिला. वकिली सोडण्याआधी एका कुटुंबाला शब्द दिला होता म्हणून. त्यांचा माणूस रेल्वेत ब्रेकमन होता, दोन डब्यांच्या मध्ये चिरडून गेला. ग्रिशॅमने खटला लढवला आणि ज्युरीने कुटुंबाला ६,८३,५०० डॉलर दिले.

नाना पॉइंट्समन होते. यार्डात रात्रपाळी, हातात बत्ती, डबा डब्याला लागताना मध्ये उभं राहून कपलिंग टाकायचं. त्यांना यायला उशीर झाला की आई ओट्यावर जाऊन बसायची. आम्ही झोपलोय असं तिला वाटायचं.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. यार्डाकडून इंजिनाची शिट्टी आली. मग दोन्ही तळहात समोरासमोर धरून म्हणाले, ‘एवढीच जागा राह्यते मधी. एवढीच.’ आणि हात तसेच धरून ठेवले.

मी पाणी आणून दिलं. प्यायले, आडवे झाले. मला वाटलं झोपले. मोबाइल बंद करत होते तेवढ्यात अंधारातून आवाज आला, ‘त्या बाईले पैसे भेटले का मग? मूर्ख म्हटलं तिले?’

शेवट मला पाठ आहे. कंपनी बुडते, बाईच्या हातात एक डॉलर येत नाही.

‘अजून खूप पानं आहेत, नाना,’ मी म्हटलं. ‘उद्या रूडी त्यांच्या मोठ्या साहेबाला पिंजऱ्यात उभा करतो.’

‘लवकर बस मग उद्या,’ नाना म्हणाले.