काचेला पाणी घातलं त्या दिवसाची गोष्ट

बागांची कामं घेतोय त्याला २२ वर्षं झाली, पण काचेला पाणी घालायचा पराक्रम एकदाच केला.

नाशिकला गंगापूर रोडच्या एका फार्महाउसच्या बागेत फुंकून घडवलेल्या काचेचं प्रदर्शन होतं. डिसेंबर महिना. मुंबईहून आलेल्या कलाकार ताईंनी मोबाइलवर डेल चिहुली या अमेरिकन काच-कलाकाराचं काम दाखवलं. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २००५ आणि २०१९ साली झाडांत, पाण्यावर मांडलेली त्याची काच. सिअॅटलला तर २०१२पासून कायमची बागच. भट्टीत हजार अंशांच्या वर तापलेला काचेचा गोळा नळीच्या टोकावर घ्यायचा आणि फिरवत फुंकायचा. म्हणजे आपल्या चुलीच्या फुंकणीचीच थोरली बहीण. मग तासन् तास सावकाश गार करायचं. घाई केली की तडकलीच.

आम्ही शेवंतीच्या वाफ्यात सळया रोवून त्यांवर साठेक निळे पोकळ दांडे चढवले. कोबाल्टचा तो गडद निळा! दुपारी दुसऱ्या साइटवर गेलो आणि स्प्रिंकलरचा टायमर बंद करायचा राहिला. माझ्याकडूनच.

सकाळी सातला बघतो तर निळं कुठलं, सगळीकडे पांढरे ठिपके. बोअरचं जड पाणी. दर वर्षी ड्रिप चोंदतं, तरी अक्कल आली नाही. उद्घाटन दहाला.

पोरं फडकी घेऊन धावली. ताई ओरडल्या, "कोरडं घासू नका, चरे पडतील!" पांढरं व्हिनेगर आणि आरओच्या पाण्याचे जार मागवले. तरी पोरांच्या हातून पहिल्या दहा मिनिटांत दोन दांडे गेले. (ते पैसे माझ्या बिलातून कापले गेले. रास्तच.)

तेवढ्यात निंदणीला आलेली पेठकडची मावशी पुढे झाली. "दादा, पोरांना बाजूला घ्या." तिनं दांडा बुडाशी दोन बोटांत धरून अलगद वर सरकवला. अंगाला हातच नाही. द्राक्षाच्या विरळणीला, तोडणीला जाणारी ती. घड देठालाच धरायचा, मण्यावरची पांढुरकी पावडर बोटानं पुसली की माल एक्स्पोर्टला चालत नाही, ही तिची रोजची सवय. तिनं आणखी चौघींना हाक मारली. ताई व्हिनेगरचा मग हातात धरून नुसत्या त्यांची बोटं बघत राहिल्या.

पावणेदहाला शेवटचा दांडा उरला. मावशीनं तो उन्हाला धरला, त्यातून पलीकडे पाहिलं.

"ताई, काय भाव याचा?"

ताईंनी सांगितला.

मावशी काही बोलली नाही. दांडा सळईवर बसवला, हात पदराला पुसले आणि खुरपं उचललं.