तुरळ-राजवाडीची गरम कुंडं: खाली ज्वालामुखी नाहीये, आणि रिक्षाला सहाशे देऊ नका

आधी पैशाचं सांगतो कारण डोकं अजून तापलेलंय. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने तुरळचे सहाशे घेतले आणि वर वाटभर सांगत होता की खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी उकळतं. दोन्ही चूक. चिपळूणकडे जाणारी एसटी हायवेने तुरळवरूनच जाते, जरा थांबून तिचीच वाट बघा, आम्ही येताना तेच केलं.

ज्वालामुखीचं म्हणाल तर इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय. कुंडात आहे ते पावसाचंच पाणी, भेगांतून खोल उतरलेलं. जमिनीखाली किलोमीटरमागे साधारण 25-30 अंश वाढतात, माझ्या थर्मामीटरवर पाणी साठच्या आसपास होतं, म्हणजे साध्या हिशोबानेसुद्धा ते किलोमीटरभराहून खाली जाऊन आलंय, वर येताना निवलं ते वेगळंच.

खरं बघायचं ते कुंडात नाही. पुढे पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरलो तिथे काळ्या कातळात बोटभर रुंद पांढरी शीर दिसली, कॅल्साइटची, म्हणजे पाण्यातून साठलेल्या चुन्याच्या खनिजाची. जवळून बघितलं तर ती मधेच तुटलेली, तुटलेल्या जागी परत पांढरं भरलेलं, आणि त्यालाही छेदून तिसरी बारीक शीर. म्हणजे खडक फुटला, पाणी शिरलं, क्षार साठून फट बुजली, परत फुटला. अर्धा तास तिथेच बसलो, उठवेना. पाणी नुसतं वाहत नाही तर भेगेत दाब वाढला की दोन्ही बाजूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि खडक सरकतो. सह्याद्रीपलीकडे कोयनेला 11 डिसेंबर 1967 चा 6.3 चा भूकंप झाला त्यात धरणाच्या पाण्याचा हात मानतात तो असाच, आणि तेच समजून घ्यायला तिकडे तीन किलोमीटर खोल बोअर मारलंय. न्यूझीलंडच्या अल्पाइन फॉल्टवर, म्हणजे तिथल्या जमिनीतल्या मोठ्या सरकत्या भेगेवर, तर शिरांमधल्या हायड्रोजनच्या आयसोटोपवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) कळलं की पावसाचं पाणी जिथे खडक फुटायच्या ऐवजी गरम होऊन वाकायला लागतो तिथपर्यंत पोचतं! मला हे वाचून माहीत होतं पण शीर हाताला लागल्यावर पटलं.

पऱ्यात उतरायची वाट मात्र वाईट आहे, शेवटचे वीसेक फूट शेवाळलेले, मी दोनदा घसरलो आणि गुडघा फोडून घेतला. चपलांवर जाऊ नका. पावसाळ्यात तर अजिबातच नको, पाणी चढलं की शीर दिसणार पण नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

कुंडात एकदम पाय घालू नका, आधी तांब्याने काढून निववा. गंधकाचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो. राजवाडीचं कुंड पण चांगलंय, गर्दी कमी. दुसऱ्या दिवशी राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम कुंडावर गेलो, पाणी कोमट, निवांत आंघोळ झाली, बाकी काही नाही.