पिशवी काढायच्या आधी

“पिशवी काढून टाका, म्हणजे कटकटच नको.”

माझा पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट बघून पहिल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. माझं वय ४१. त्रास काही नव्हता, पाळी वेळेवर. रिपोर्टवर ‘एचएसआयएल’ लिहिलेलं, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बऱ्याच बदललेल्या. सासूबाई म्हणाल्या, दोन लेकरं झालीत, आता काय करायचीय ठेवून? आमच्याकडे बायकांना हा सल्ला दात काढायला सांगावा तसा देतात. मीही तारीख घेऊन आले होते.

जाऊबाईंनी अडवलं. “अगं, दुसऱ्या डॉक्टरला तर दाखव.” म्हणून सोलापूरला गेले. त्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पॅप स्मिअरने फक्त संशय कळतो, निदान बायोप्सीने, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावर होतं. बायोप्सी न करता पिशवी काढली आणि नंतर आत कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. हे आधी कुणीच का सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

पाळी संपल्यावर कॉल्पोस्कोपी झाली. कॉल्पोस्कोप म्हणजे मोठं करून दाखवणारी दुर्बीण, ती बाहेरच असते. व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी लावलं, थोडं चुरचुरलं. मिनिटभरात स्क्रीनवर गुलाबी भागावर एक पांढरा डाग उमटला, सायीसारखा, कडा स्पष्ट. मग आयोडीन लावलं. चांगल्या पेशी गडद तपकिरी झाल्या, डाग मात्र पिवळाच राहिला. माझ्या शरीरातली ही जागा मी पहिल्यांदाच बघत होते.

“आता खोका बरं, ताई.” मी खोकले आणि त्याच क्षणी चिमटा बसला. पाळीच्या कळेसारखी एक कळ आली आणि गेली. असे दोन वेळा. तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे बाटलीत तरंगत होते. रक्त थांबायला औषध लावलं होतं, त्यामुळे दोन दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जात होतं. नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी रात्रीच दवाखाना गाठला असता.

रिपोर्टचे नऊ दिवस सगळ्यात वाईट गेले. बायोप्सी म्हटलं की घरात सगळे कॅन्सर झाल्यासारखेच बोलायला लागतात. त्यात हे एचपीव्ही विषाणूमुळे होतं आणि तो संबंधातून येतो असं वाचलं, मग यांच्याकडे बघवेना. डॉक्टरबाईंनीच सांगितलं, हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुतेक वेळा शरीर तो आपोआप घालवतं, आणि कधी आला हे शोधता येत नाही. हे ऐकायला यांनाही मी आत बोलावलं.

रिपोर्ट आला: सीआयएन ३. कॅन्सर नाही, पण तसंच सोडलं तर काही वर्षांत होऊ शकेल असा बदल. उपाय लीप. पिशवीच्या तोंडाला भुलीचं इंजेक्शन दिलं, त्याने छाती धडधडली. मग तारेच्या गरम कडीने तेवढाच भाग काढला. धूर ओढणाऱ्या नळीचा घुंई आवाज आणि जळका वास सोडला तर काही कळलं नाही. चार आठवडे जड उचलायचं नाही, संबंध नाहीत, पोहणं नाही.

काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे कडेला बदललेल्या पेशी नव्हत्या. सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणीही निगेटिव्ह आली. तरी तपासण्या पुढे अनेक वर्षं करायच्याच आहेत.

माझं माहेर धाराशिवकडचं. १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या १,३१,००० हून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकदा एचपीव्ही चाचणी करून वेळेत उपचार केले तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला इथूनच कळलं. आणि आमच्या गल्लीत अजून कुणाला चाचणीचं नावही माहीत नाही.

माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. जाऊबाईंचा नंबरही त्याच दिवशी लावलाय.