डब्लिनच्या उपसागरावरील हिवाळा: भरती, कादंब आणि पायातली कडी

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहावयाचे असतील तर घड्याळापेक्षा तिथी अधिक उपयोगी पडते. महाराष्ट्रातून येथे आलेले आपण बहुतेक जण पहाटेच्या निरीक्षणावर वाढलेले असतो. उजाडण्यापूर्वी पाणथळीवर पोहोचावे आणि ऊन चढले की दुर्बीण आवरावी, हा शिरस्ता अंगवळणी पडलेला असतो. डब्लिनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो, आणि या तुटपुंज्या उजेडातला कोणता भाग कामाचा हे ठरवते ती भरती. ओहोटीला उपसागरातील चिखल आणि वाळू मैलोन्‌मैल उघडी पडते व चिखलपक्षी त्यावर इतके पांगतात की उत्तम टेलिस्कोपमधूनही करड्या ठिपक्यांपलीकडे काही हाती लागत नाही. पाणी चढू लागले की तेच पक्षी पुढे पुढे ढकलले जातात आणि शेवटी क्षारगवताच्या चिंचोळ्या पट्टीवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. डब्लिनला उधाणाची भरती मध्यान्हाच्या आगेमागे येते, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे एकदोन दिवस गाठले तर पक्षी जवळ आणि उजेड पुरेसा असे दोन्ही साधते. मुंबईच्या किनाऱ्यावरही उधाणाचे गणित साधारण असेच असल्याने कोकणातील वाचकांना हे सांगावे लागणार नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीच्या दिवसांत मात्र दुपारी ओहोटी असते आणि पाणीही पुरेसे चढत नाही. ते दिवस मी बागेतील आणि कुंपणांतील पक्ष्यांसाठी ठेवतो.

२०२४-२५ च्या हिवाळ्यातील बहुतेक नोंदी नॉर्थ बुल बेटावरील आहेत. पाच किलोमीटर लांबीचे हे बेट निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही. बंदराच्या तोंडाशी गाळ साचू नये म्हणून बांधलेली नॉर्थ बुल भिंत १८२५ साली पुरी झाली, प्रवाहाची दिशा बदलली, भिंतीच्या उत्तरेस वाळू साचत गेली आणि दोनशे वर्षांत तेथे टेकाडे, क्षारगवत व मधली खाजण असे सगळे उभे राहिले. १९३१ साली ते पक्षी अभयारण्य झाले आणि १९८१ साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. राजधानीच्या शहर बसमधून उतरून दहा मिनिटांत हजारो चिखलपक्ष्यांसमोर उभे राहता येईल अशी जागा युरोपात फारशी नसावी. मधला रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंची खाजण दिसते. वारा नैर्ऋत्येकडून असेल तर उत्तरेकडच्या बाजूला गाडीच्या आडोशाने उभे राहावे, टेलिस्कोपची तिपाई शक्य तितकी खाली घ्यावी आणि गुडघ्यावर बसून पाहावे. ताठ उभे राहून पाहणाऱ्याला येथे वाऱ्याने हलणारे दृश्य आणि डोळ्यांतले पाणी यांखेरीज काही मिळत नाही.

या मोसमात मी नवे पक्षी टिपण्याचा नाद बाजूला ठेवून थवे मोजण्याचा सराव केला. आयर्लंडमध्ये पाणपक्ष्यांची हिवाळी गणना १९९४-९५ पासून चालू आहे. सप्टेंबर ते मार्च या काळात दर महिन्याला स्वयंसेवक ठरलेल्या जागी जाऊन मोजणी करतात आणि बर्डवॉच आयर्लंड ही संस्था ती संकलित करते. जानेवारीचे आकडे आंतरराष्ट्रीय गणनेतही जमा होतात, म्हणजे त्याच महिन्यात भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीवर आपले मित्र भरत असलेले तक्ते आणि येथील तक्ते अखेर एकाच वहीत जातात. मोजण्याची रीत सोपी वाटते, हात बसायला वेळ लागतो. आधी दहा पक्षी प्रत्यक्ष मोजावेत, ते दहा थव्यात किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवावे, तेवढ्या मापाने शंभराचा ठोकळा ठरवावा आणि मग तो ठोकळा थव्यावरून सरकवत न्यावा. एकाच जातीचा थवा असेल तर हे जमते. खरी अडचण मिश्र थव्याची आहे: पुढे डनलिन, त्यांच्यामागे नॉट, मधूनच ग्रे प्लोव्हर, आणि सगळे डोके पंखात खुपसून झोपलेले. अशा वेळी मी एकूण आकडा आधी घेतो, नंतर थव्याच्या तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्षी जातवार पाहतो आणि त्यावरून प्रमाण काढतो. एखादा ससाणा आला तर मोजणी बिघडते खरी, पण उडताना ग्रे प्लोव्हरच्या काखेतला काळा ठिपका इतका स्पष्ट दिसतो की गोल्डन प्लोव्हरशी होणारा सगळा घोळ क्षणात मिटतो. त्यामुळे पेरेग्रिन ससाण्याविषयी माझी तक्रार नाही; कुत्री मोकळी सोडणाऱ्यांविषयी आहे. भरतीच्या वेळी उठवलेल्या पक्ष्याला दुसरी जागा नसते, आणि थंडीत अशा दर उड्डाणाची किंमत त्याला चरबीने मोजावी लागते.

मोजणीमुळे कर्ल्यू या लांब, बाकदार चोचीच्या चिखलपक्ष्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली. खाजणीवर हिवाळ्यात कर्ल्यू भरपूर दिसतात, त्यांची लांब, चढत जाणारी शीळ दिवसभर ऐकू येते, आणि म्हणून हा पक्षी सुखात आहे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे बहुतांशी स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि उत्तर ब्रिटनमधून आलेले पाहुणे आहेत. आयर्लंडच्या दलदलींत आणि ओल्या कुरणांत वीण करणाऱ्या स्थानिक कर्ल्यूंची संख्या १९८० च्या दशकापासून ९५ टक्क्यांहून अधिक घटली आहे. दलदलींतील पीट (जळणासाठी वापरली जाणारी कुजलेल्या वनस्पतींची माती) खणले गेले, कुरणे लवकर कापली जाऊ लागली, वृक्षलागवडीच्या आडोशाने कोल्हे व कावळे घरट्यांपर्यंत पोहोचले. २०१२ साली त्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. हिवाळ्याच्या तक्त्यातील मोठा आकडा आणि उन्हाळ्यातील जवळजवळ रिकामा रकाना हे दोन्ही एकाच जातीचे आहेत, हे ध्यानात ठेवूनच तो तक्ता वाचावा लागतो.

आता ब्रेंट कादंबांविषयी, म्हणजे ब्रेंट नावाच्या रानहंसांविषयी, कारण या मोसमातील सर्वांत समाधानकारक काम त्यांच्यावर झाले. फिकट पोटाचा हा काळसर, लहान चणीचा कादंब कॅनडाच्या ईशान्येकडील ध्रुवीय बेटांवर वीण करतो, ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडतो, आइसलँडमध्ये विसावा घेतो आणि आयर्लंडला पोहोचतो. या समुदायाचा फार मोठा भाग ऑक्टोबरमध्ये आधी उत्तरेकडील स्ट्रँगफर्ड लॉखमध्ये उतरतो, कारण तेथे ईलग्रास नावाचे समुद्री गवत विपुल आहे. ते संपत आले की कादंब किनाऱ्याने दक्षिणेकडे पसरतात. डब्लिनला आल्यावर ते प्रथम चिखलावरील ईलग्रास व हिरवे शेवाळ खातात, आणि डिसेंबरपासून थेट शहरातील मैदानांवर चरू लागतात. शाळांची फुटबॉल मैदाने, रहेनीचे सेंट अ‍ॅन्स उद्यान, वसाहतींमधील हिरवळी, कोठेही ते दिसतात. सेंट अ‍ॅन्सला लागून असलेल्या मैदानांवर घरे बांधण्याच्या प्रस्तावावरून झालेल्या दीर्घ वादात याच पक्ष्यांच्या चरण्याचा प्रश्न कळीचा ठरला होता. घरांची टंचाई असलेल्या शहरात हा वाद सोपा नाही आणि मला दोन्ही बाजू कळतात. तरीही मैदान गेले तर पक्षी दुसरीकडे जातील, हे म्हणणे मला पटत नाही, कारण ती दुसरी मैदानेही आधीच भरलेली असतात.

मैदानावरील ब्रेंट माणसाला बरेच जवळ येऊ देतात आणि त्यामुळेच त्यांच्या पायातील कडी वाचता येतात. संशोधकांनी घातलेली ही प्लास्टिकची रंगीत कडी दोन्ही पायांत एकेक असतात व प्रत्येकावर एक अक्षर किंवा अंक कोरलेला असतो. वाचताना पक्ष्याचा डावा पाय आधी, मग उजवा; कड्याचा रंग, अक्षर आणि अक्षराचा रंग, या सगळ्यांची नोंद लागते. अडथळा असतो तो गवताचा. पाऊस झाल्यावर वाढलेल्या हिरवळीत कडे पूर्ण झाकले जाते आणि कादंब तर मान खाली घालून एका लयीत गवत उपटत पुढे सरकत राहतो, चोचीला माती लागलेली, पाय दिसण्याची काही चिन्हे नाहीत. माझा अनुभव असा की थव्याच्या मागे न जाता गोलपोस्टच्या समोर बसावे. तेथील जमीन खेळाडूंच्या पायांनी उघडी पडलेली असते, थवा चरत चरत तो चिखल ओलांडतो आणि तेवढ्या चार-पाच पावलांत कडे लख्ख दिसते. ते ३ आहे की ८ हा संशय राहिला तर नोंद पाठवू नये. पाठवलेल्या नोंदींपैकी एकीचे उत्तर जानेवारीत आले: तो पक्षी आधीच्या काही हिवाळ्यांत उत्तर डब्लिनच्याच मैदानांवर आणि मधल्या वसंतांत आइसलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसला होता. दरवर्षी हजारो किलोमीटर उडून तो शहराच्या त्याच चार रस्त्यांमध्ये परत येतो.

दुसरे काम पिलांच्या प्रमाणाचे. प्रौढ ब्रेंटच्या मानेवर पांढरा, तुटक पट्टा असतो. त्या वर्षीच्या पिलाच्या मानेवर तो सुरुवातीला नसतो आणि मिटलेल्या पंखांवर फिकट आडव्या रेघा असतात. मानेवरचा पट्टा पहिल्या हिवाळ्यातच उमटू लागतो, म्हणून जानेवारीनंतर मानेवर विसंबू नये, पंखांवरील रेघा पाहाव्यात. कुटुंब हिवाळाभर एकत्र राहते, त्यामुळे एक पिलू दिसले की त्याच्या आसपासच दुसरे सापडते आणि थव्याच्या एकाच टोकाचा नमुना घेतला तर प्रमाण फसवे येते. ध्रुवीय उन्हाळा उशिरा आला, बर्फ जून उलटूनही वितळले नाही, तर एखाद्या वर्षी थव्यांत पिले जवळजवळ नसतातच. चांगल्या वर्षी पाचात एक पिलू दिसू शकते.

जानेवारीत वेक्सफर्डच्या नॉर्थ स्लॉबला जाणे झाले. १८४० च्या दशकात समुद्र हटवून मिळवलेली ही सपाट शेतजमीन आजही समुद्रसपाटीच्या खाली आहे व पंपांनी कोरडी ठेवली जाते. येथे ग्रीनलंडचा पांढऱ्या कपाळाचा कादंब हिवाळा काढतो. नारिंगी चोच, पोटावर काळे आडवे पट्टे आणि युरोपीय भाईबंदांपेक्षा गडद रंग, अशी त्याची ओळख. ही उपजात वेगळी असल्याचे १९४८ साली मांडले गेले. जगातील यांची संख्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस पस्तीस हजारांच्या वर होती, ती आता वीस हजारांच्या आसपास किंवा त्याखाली आली आहे, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा वेक्सफर्ड आणि स्कॉटलंडमधील आयला बेट या दोन ठिकाणी असतो. आइसलँडमधील त्यांची शिकार २००६ पासून बंद झाली, तरी संख्या सावरलेली नाही, कारण ग्रीनलंडमध्ये पुरेशी पिलेच होत नाहीत. निरीक्षण मनोऱ्यातून पाहताना थव्यात पिंकफूट हा गुलाबी पायांचा कादंबही सापडतो का हे शोधण्यात वेळ चांगला जातो. कालव्यांत थापट्या आणि वारकरी दिसले, आणि उजनीवर पाहतो तेच हे पक्षी, हे कळायला कोणतेही पुस्तक उघडावे लागले नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी एओविन वादळ आले. पश्चिम किनाऱ्यावर ताशी १८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचा झोत नोंदला गेला, सात लाखांहून अधिक घरे आणि दुकाने अंधारात गेली, आणि किनाऱ्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. वारा पडल्यानंतर मात्र भरतीरेषेवर केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचे ढीग लागले होते. ते कुजू लागताच त्यांत माश्यांच्या अळ्या आणि उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव वाढतात व टर्नस्टोन, धोबी आणि स्टार्लिंग त्यांवर तुटून पडतात. सँडीकोव्हच्या खडकांवर टर्नस्टोनच्या सोबतीने काही पर्पल सँडपायपर होते. ओल्या खडकाचाच रंग असल्याने ते हलले नाहीत तर दिसत नाहीत, पण पायांचा आणि चोचीच्या बुडाचा पिवळा रंग त्यांना उघडे पाडतो. तेथील मेडिटेरेनियन गल हा कुरव डब्लिनकरांच्या नेहमीच्या ओळखीचा पक्षी. फळांवर येणारा वॅक्सविंग मला या मोसमात मिळाला नाही, रोवनची लाल फळांची झाडे असलेली दुकानांची वाहनतळे धुंडाळूनही.

फेब्रुवारीच्या अखेरच्या उधाणात काळ्या शेपटीच्या गॉडविटांवर विटकरी रंग चढू लागलेला दिसला. भिगवणला येणारे गॉडविट आणि हे एकाच जातीचे असले तरी हे आइसलँडमध्ये वीण करणाऱ्या उपजातीचे आहेत, चोच व पाय थोडे आखूड, आणि वीणकाळातला लाल रंग अधिक गडद व पोटाकडे अधिक पसरलेला. मार्चची मोजणी तेव्हा अजून व्हायची होती. ब्रेंट एप्रिलपर्यंत थांबतात. क्लॉन्टार्फच्या समुद्ररस्त्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी थवा दिसल्यास जमेल तेवढे पक्षी पंखांवरील रेघांसाठी तपासावेत आणि एकूण किती पाहिले व त्यांत पिले किती, हे दोन्ही आकडे तारीख, जागा आणि भरतीच्या वेळेसह नोंदवावेत. पिले शून्य आली तरी ते शून्य लिहून ठेवावे, कारण रिकामा रकाना आणि शून्य यांतून निघणारे अर्थ वेगळे असतात.